एका कोयत्यामागे एक फोन

कोरोना महामारीच्या काळात कामगारांच्या आरोग्याची पाहणी ऑनलाइन करण्याची रीत मार्च २०२० नंतर काही आठवड्यांतच रूढ झाली, आणि तिच्यामागचे कारण उघड होते: घरोघर जाऊन, शेजारी बसून प्रश्न विचारणे हेच त्या वेळी विचारणाऱ्याला आणि उत्तर देणाऱ्याला धोक्याचे झाले होते. १ एप्रिल २०२० पासून सुरू व्हावयाची जनगणनेची घरयादी शासनाने पुढे ढकलली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीचे महाराष्ट्रातील काम सुदैवाने टाळेबंदीपूर्वी उरकले होते, तरी दुसऱ्या टप्प्यातील राज्यांचे काम अडून राहिले. अशा वेळी ज्यांना कामगारांच्या प्रकृतीची खबर हवी होती, त्यांना फोनच्या पडद्यावर भरावयाचे प्रपत्र हाच एकमेव मार्ग वाटू लागला. कचेरीतल्या, शाळेतल्या आणि बँकेतल्या नोकरदारांपुरता तो बऱ्यापैकी चालला. मात्र बीड जिल्ह्यातील केजसारख्या तालुक्यात, जेथील कष्टकऱ्यांचा मोठा भाग वर्षातील पाच-सहा महिने तालुक्यातच नसतो, तेथे त्याचे अपुरेपण फार लवकर उघडे पडले.

केज तालुक्यात मांजरा नदीवर धनेगावचे धरण आहे आणि साखर कारखानाही आहे, तरीही येथील हजारो कुटुंबे दुसऱ्यांचा ऊस तोडण्यासाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादम टोळी बांधतो, प्रत्येक जोडप्याला उचल, म्हणजे हंगामाच्या मजुरीपोटी आगाऊ रक्कम, देतो आणि कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळप संपेपर्यंत, साधारणतः मार्च-एप्रिलपर्यंत, ते जोडपे फडावर राहून ती फेडते. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. उचल कोयत्याला मिळते, मजुरी कोयत्याच्या नावे टनावर मोजली जाते, आणि दोघांपैकी एक आजारी पडून काम बुडाले तर खाडा, म्हणजे दंड, तोही कोयत्यावर बसतो. हिशेबाच्या वहीत स्त्री स्वतंत्रपणे कोठेच दिसत नाही. आरोग्याची पाहणी करणाऱ्याला येथून पुढे जी अडचण येते तिचे मूळ या हिशेबातच आहे, कारण प्रकृती ही एकेका माणसाची असते आणि नोंद मात्र जोडीची.

२४ मार्च २०२० च्या रात्री देशभर टाळेबंदी जाहीर झाली तेव्हा हंगाम पुरता संपला नव्हता. साखर कारखाने जीवनावश्यक उद्योगांत धरले गेल्यामुळे अनेक ठिकाणी तोडणी चालूच राहिली, आणि ज्या कारखान्यांचे गाळप संपले तेथील टोळ्या जिल्ह्यांच्या सीमा बंद झाल्याने कोप्यांमध्ये, म्हणजे फडावरच्या तात्पुरत्या झोपड्यांमध्ये, अडकून पडल्या. १७ एप्रिल २०२० रोजी राज्य शासनाने या मजुरांना गावी परतण्याची परवानगी दिली. त्या वेळी ३८ साखर कारखान्यांच्या परिसरात सुमारे १ लाख ३१ हजार ऊसतोड कामगार असल्याचे सांगण्यात आले, आणि परतीपूर्वी त्यांची वैद्यकीय तपासणी करून घेण्याची जबाबदारी कारखान्यांवर टाकण्यात आली. एवढ्या मोठ्या संख्येने हंगामी कामगारांची एकाच वेळी, निदान कागदोपत्री तरी, तपासणी होण्याचा तो दुर्मीळ प्रसंग होता. ताप आहे की नाही एवढाच त्या तपासणीचा हेतू होता; पाच महिने मोळ्या वाहून मानेचे, कंबरेचे आणि गुडघ्यांचे काय झाले, हे विचारण्याची ती वेळ नव्हती असे म्हणता येईल, पण तशी वेळ पुढेही आली नाही.

याच सुमारास राज्यभर गूगल फॉर्मचे पेव फुटले. महाविद्यालये, संस्था आणि खाती आपापले दुवे व्हॉट्सॲपच्या गटांवर सोडू लागली. कोरोनाविषयीच्या प्रश्नमंजुषा सोडवल्या की प्रमाणपत्र ईमेलने येई, आणि त्या प्रमाणपत्रांच्या हौसेने भरलेली प्रपत्रे आरोग्यपाहणीच्या प्रपत्रांत अशी मिसळून गेली की भरणाऱ्याला दोहोंतला फरक सांगता येईना. शिक्षकांच्या बाबतीत तर वरून आदेश निघे, केंद्रप्रमुखांच्या गटावर दुवा येई आणि रात्रीपर्यंत ‘शंभर टक्के’ माहिती भरून होई. अशा माहितीला शास्त्राच्या दृष्टीने फारसे मोल नसते, कारण वरिष्ठांना दिसणार असलेल्या प्रपत्रात झोप लागत नाही किंवा मन खचले आहे असे लिहिणारा नोकरदार विरळाच. पण ती निदान भरली तरी जात होती. ऊसतोड मजूर, वीटभट्टीवरचे मजूर, आडतीवरचे हमाल यांच्यापर्यंत तो दुवा पोहोचतच नव्हता, आणि पोहोचला तरी तो उघडावा असे त्यांना वाटण्याचे काही कारण नव्हते.

पाहणीशास्त्रात याला निवडदोष म्हणतात: ज्यांच्याविषयी जाणून घ्यावयाचे आहे त्या सर्वांना उत्तर देण्याची संधी सारखी नसली की जे उत्तरे देतात ते एका विशिष्ट वर्गातलेच निघतात, आणि मग उत्तरांची संख्या कितीही वाढवली तरी चूक कमी होत नाही, उलट अधिक ठाम होते. अमेरिकेतील ‘लिटररी डायजेस्ट’ या नियतकालिकाने १९३६ साली सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या, वीस लाखांहून अधिक परत आल्या, आणि तिच्या भाकितानुसार जिंकणारे लँडन दारुण हरले व रूझवेल्ट निवडून आले. नावे दूरध्वनीच्या याद्यांतून आणि मोटारींच्या नोंदींतून घेतली होती, आणि त्या मंदीच्या काळात ती सुखवस्तूंचीच होती. हीच गोष्ट महामारीत नव्या साधनांनिशी पुन्हा घडली. फेसबुकवरून दर आठवड्याला सुमारे अडीच लाख अमेरिकी नागरिकांना विचारणाऱ्या पाहणीने मे २०२१ मध्ये लसीकरणाचे प्रमाण प्रत्यक्षाहून सुमारे १७ टक्क्यांनी, म्हणजे शंभरात सतरा माणसांनी, जास्त दाखवले, तर काळजीपूर्वक निवडलेल्या सुमारे एक हजार लोकांच्या पाहणीचा अंदाज बराच अचूक ठरला. डिसेंबर २०२१ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकातील लेखाने हे आकडेवारीनिशी मांडले. जेथे बहुतेकांच्या हाती इंटरनेट आहे तेथे जर ही गत, तर केजविषयी वेगळे काही सांगावयास नको.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार भारताच्या ग्रामीण भागात इंटरनेट कधी तरी वापरलेल्या स्त्रिया २४.६ टक्के होत्या आणि पुरुष ४८.७ टक्के. ‘कधी तरी वापरलेल्या’ हे शब्द नीट वाचण्यासारखे आहेत. स्वतःचा फोन असणे, त्यात डेटा असणे, तो चार्ज केलेला असणे आणि तो एकांतात हाती असणे या चारही गोष्टी त्यांच्यापुढच्या पायऱ्या आहेत. फडावरच्या कोपीत वीज बहुधा नसते; फोन चार्जिंगसाठी दुकानात किंवा ट्रॅक्टरवर लावावा लागतो, आणि एका कोयत्यामागे फोन असलाच तर तो एक असतो व पुरुषाच्या खिशात असतो, कारण मुकादमाचा निरोप आणि गाडी लागण्याची वेळ त्यावरच कळते. अशा फोनवर अंगावरून पांढरे जाते का, पाळीच्या दिवसांत विश्रांती मिळते का, मूल पडले होते का, असे प्रश्न पाठवले तर त्यांचे उत्तर कोण देणार, याचा विचार प्रश्नावली बनवणाऱ्याने फारसा केलेला नसतो. बाईच्या शरीराविषयीचे उत्तर बाप्याने द्यायचे, आणि तेही चार माणसांत फोन हातोहात फिरत असताना, ही कल्पनाच मुळात चमत्कारिक आहे.

वास्तविक बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या आरोग्याची एक फार मोठी पाहणी महामारीच्या आदल्याच वर्षी झाली होती, आणि ती समोरासमोर झाली होती. गर्भाशय काढून टाकण्याच्या, म्हणजे गावच्या बोलीत पिशवी काढण्याच्या, शस्त्रक्रिया या जिल्ह्यात अवास्तव प्रमाणात होत असल्याचा बोभाटा झाल्यावर जून २०१९ मध्ये विधिमंडळात सांगण्यात आले की तीन वर्षांत जिल्ह्यात अशा ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्या. त्यानंतर डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीच्या कामात जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची माहिती घेण्यात आली, तेव्हा त्यांतील १३,८६१ जणींची पिशवी काढलेली असल्याचे आढळले. या दोन आकड्यांतले अंतर पाहणीच्या पद्धतीविषयी पुष्कळ शिकवणारे आहे. पहिला आकडा तीन वर्षांतल्या शस्त्रक्रियांचा व जिल्ह्यातल्या रुग्णालयांचा, दुसरा आयुष्यभरात केव्हाही व कोठेही झालेल्या शस्त्रक्रियांचा. पहिला नोंदवहीतून मिळाला, दुसरा बाईला विचारल्यावर. उंबऱ्यावर बसून, ओळखीच्या बाईने, पुरुष शेतात गेलेले असताना विचारलेल्या प्रश्नाला जे उत्तर मिळते ते नोंदवहीत सापडत नाही, तसेच दुव्यावरही येत नाही.

महामारीत केज तालुक्यातील घराघरांत खऱ्या अर्थाने पोहोचलेली पाहणी म्हणजे राज्य शासनाची ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम. १५ सप्टेंबर ते २५ ऑक्टोबर २०२० या काळात दोन फेऱ्यांमध्ये ती झाली. एक आरोग्य कर्मचारी किंवा गावची आशा स्वयंसेविका आणि दोन स्वयंसेवक असे पथक दिवसाला सुमारे पन्नास घरे करी. प्रत्येकाचे तापमान आणि रक्तातील प्राणवायूचे प्रमाण मोजले जाई. मधुमेह, हृदयविकार, मूत्रपिंडाचे आजार, कर्करोग, दमा यांची विचारपूस होई. आणि हे सारे मोबाइल ॲपमध्ये भरावयाचे असे. म्हणजे पाहणी ऑनलाइन होती, पण प्रश्न माणूस विचारीत होता आणि फोन विचारणाऱ्याच्या हाती होता. केजसारख्या ठिकाणी हाच एक फरक निर्णायक ठरतो.

तिच्यातही खाचखळगे होते. पथक दिवसा जाई तेव्हा सोयाबीनच्या काढणीचे दिवस असल्याने घरांना कुलपे असत आणि माणसे रानात. मग एकतर भल्या पहाटे जावे लागे किंवा शेजाऱ्याने सांगितलेल्या माहितीवर भागवावे लागे. नेटवर्क नसलेल्या वस्त्यांवर आधी वहीत लिहून घेऊन रात्री घरी ॲपमध्ये भरण्याची पाळी येई, आणि आशाच्या शाळकरी मुलाची त्या कामात मदत होई. वहीतून ॲपमध्ये जाताना काही आकडे पूर्णांकात जात, काही राहून जात. प्राणवायू मोजणाऱ्या चिमट्यासारख्या उपकरणाला थंड बोटे आणि नखांवरचा रंग चालत नाही, हे पुष्कळदा आकडा वेडावाकडा आल्यावरच लक्षात येई. पण यांपैकी कोणताही दोष मूळ रचनेतला नव्हता. हे कष्टाच्या कामातले नेहमीचे दोष होते आणि त्यांचा अंदाज बांधता येतो, जो दुवा न उघडणाऱ्या माणसाबाबत बांधताच येत नाही.

रचनेतला खरा दोष तारखांचा होता, आणि तो कोणाच्या ध्यानात आल्याचे दिसले नाही. २०२० साली दसरा २५ ऑक्टोबरलाच होता. म्हणजे ज्या दिवशी मोहीम संपली त्याच दिवसाच्या आसपास टोळ्या गाव सोडू लागल्या, आणि पाहणीने त्यांना गाठले ते वर्षातील त्या आठवड्यांत, जेव्हा त्यांचे अंग सर्वांत कमी दुखत असते. कामाच्या ठिकाणच्या दुखण्यांसाठी जगभर वापरली जाणारी एक प्रश्नावली आहे. १९८७ मध्ये उत्तर युरोपातील संशोधकांनी ती बनवली. तिच्यात मानवी आकृतीवर मान, खांदे, कोपरे, मनगटे, पाठीचा वरचा भाग, कंबर, मांड्या, गुडघे आणि पावले असे नऊ भाग दाखवून ‘गेल्या बारा महिन्यांत’ आणि ‘गेल्या सात दिवसांत’ तेथे दुखले का, असे विचारतात. कारखान्यात बाराही महिने एकच काम करणाऱ्यासाठी हे दोन्ही काळ सारखेच उपयोगी आहेत. ऊसतोड मजुराला मात्र सप्टेंबरात ‘गेल्या सात दिवसांविषयी’ विचारले तर उत्तर खुरपणीचे येते, डोक्यावरून मोळी वाहून फळीवरून गाडीत चढण्याचे येत नाही. मोहिमेने असे प्रश्न विचारलेच नव्हते. पण ज्यांनी विचारले असते त्यांनाही तारखेने चकवले असते.

याच्याशी जोडलेली आणखी एक अडचण आहे, जिला निरोगी कामगाराचा परिणाम असे नाव आहे. कामावर असलेली माणसे एकूण लोकसंख्येपेक्षा धडधाकट दिसतात, कारण जी मोडली ती कामावरून गळून गेलेली असतात. विल्यम ओगल यांनी इंग्लंडमधील मृत्यूंच्या नोंदी तपासताना १८८५ मध्येच याकडे लक्ष वेधले होते. केजमध्ये हा परिणाम भूगोलात उतरलेला दिसतो. हंगामात फडावर जाऊन पाहावे तर बहुतेक जण काम करण्याजोगे, आणि त्याच दिवशी गावात पाहावे तर घरोघर म्हातारी माणसे, लहान मुले आणि पूर्वी कोयता चालवणारी पण आता कंबर गेलेली पन्नाशीच्या आतबाहेरची माणसे. फक्त फड पाहणारा म्हणेल की हे काम जड असले तरी झेपते, आणि फक्त गाव पाहणारा म्हणेल की येथील लोकच आजारी. दोघांचेही अर्धे खरे. परतल्यावर, म्हणजे एप्रिल-मे महिन्यांत, दोन्ही गट एका गावात असताना विचारल्याशिवाय हा घोळ सुटत नाही.

खरे उत्तर देण्याने काय नुकसान होईल, हाही हिशेब उत्तर देणारा करीत असतो. महामारीत ताप सांगणे म्हणजे शाळेच्या खोलीत किंवा रानातल्या पत्र्याखाली विलगीकरणात जाणे, पाठोपाठ घरच्या सगळ्यांची तपासणी, आणि टोळीत एक जण निघाला तर साऱ्या टोळीचा खोळंबा. उचल घेऊन बसलेल्या माणसाला ते परवडणारे नव्हते. ऑक्टोबरात गाव सोडण्याच्या तोंडावर घसा दुखतो असे कोण सांगणार? समोरासमोरच्या पाहणीत निदान विचारणारीला चेहरा वाचता येत होता; ऑनलाइन प्रपत्रात वर मोबाइल क्रमांक भरल्याशिवाय पुढचे पान उघडत नाही आणि खाली ‘माहिती गोपनीय राहील’ असे आश्वासन असते, या दोन ओळींतली विसंगती फारसे शाळेत न गेलेल्या माणसालाही कळते. इटलीतील वैद्य बेर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी १७०० साली कामकऱ्यांच्या रोगांवर ग्रंथ लिहून रुग्णाला ‘तुमचा व्यवसाय कोणता’ हे विचारण्याचा परिपाठ वैद्यांना घालून दिला, आणि तो प्रश्न रुग्णाच्या शेजारी, लागलीच मिळेल त्या तिपाईवर बसून विचारावा असाही त्यांचा आग्रह होता. तीन शतकांनंतर तो प्रश्न प्रपत्रात राहिला, बसणे तेवढे गेले.

मध्ये माणूस नसलेल्या ऑनलाइन पद्धतीची मर्यादा शासनालाही अनुभवाने मान्य करावी लागली. १८ ते ४४ या वयोगटासाठी मे २०२१ मध्ये लसीकरण सुरू झाले तेव्हा कोविन संकेतस्थळावर आगाऊ नोंदणी अनिवार्य होती. परिणामी ग्रामीण केंद्रांवरच्या वेळा शहरातील चपळ बोटांनी आरक्षित केल्या आणि गावातील माणसे केंद्राबाहेर उभी राहिली. २४ मे २०२१ रोजी शासकीय केंद्रांवर जागेवरच नोंदणीला मुभा देण्यात आली. असंघटित कामगारांसाठीचे ई-श्रम पोर्टल २६ ऑगस्ट २०२१ रोजी सुरू झाले. त्यावरही नोंदणीसाठी बहुतेकांना आपले सरकार किंवा तत्सम सेवा केंद्रच गाठावे लागले, म्हणजे पुन्हा मध्ये एक माणूस आलाच. ऊसतोड कामगारांची ग्रामसेवकांमार्फत नोंदणी करून ओळखपत्रे देण्याचे काम गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाने हाती घेतले, हेही त्याच दिशेने होते.

या सर्व काळात जिच्या आरोग्याची ऑनलाइन वा तोंडीही क्वचितच कोणी चौकशी केली ती आशा. हजार लोकसंख्येमागे एक या प्रमाणात नेमलेली ही स्त्री कामगार मानली जात नाही. ती स्वयंसेविका, तिला वेतन नाही, मोबदला आहे. तापाच्या घरात पहिली तीच शिरली, गावाचा राग तिनेच सोसला, स्वतःच्या फोनवर स्वतःच्या डेटाने तिने ॲप भरले. जुलै २०२० मध्ये शासनाने तिच्या मोबदल्यात दरमहा २,००० रुपयांची वाढ केली. तरीही जून २०२१ मध्ये राज्यातील आशांना संप करावा लागला, आणि १५ जूनला सुरू झालेला तो संप १,५०० रुपयांच्या वाढीवर, ज्यात ५०० रुपये कोविड भत्त्याचे होते, मिटला. तिच्या नोंदींवरून तालुक्याचे, जिल्ह्याचे आणि राज्याचे तक्ते तयार झाले. तिची स्वतःची पाठ, तिचा रक्तदाब, तिची झोप यांसाठी त्या तक्त्यांत रकाना नव्हता.

तेव्हा केजमध्ये पुढची पाहणी करणाऱ्यांनी, ती महामारीची असो वा साध्या वर्षातली, दुवा पाठवून प्रतिसादाची वाट पाहू नये. पट्टा पडून टोळ्या गावी आल्या की, पेरणीची घाई सुरू होण्याआधी, आशाने घरी जाऊन कोयत्यातील दोघांना वेगवेगळे विचारावे, प्रपत्र हवे तर तिच्याच फोनवर भरावे, आणि प्रत्येक पूर्ण प्रपत्रामागचा तिचा मोबदला व डेटाचा खर्च पाहणीच्या अंदाजपत्रकात पहिल्या ओळीवर दाखवावा.